सगळ्यांनी मिळून म्हणायचे भजन

आपल्या गुणपत्रिकेच्या माथ्यावर ज्यांचे नाव छापलेले असते, त्यांची स्वतःची शाळा चौथीच्या पुढे गेलेली नव्हती. २००५ साली नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. तेव्हापासून वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतली मुलेमुली परीक्षेच्या अर्जावर आणि पदवीच्या कागदावर हे नाव वागवीत आली आहेत. नाव इतके सवयीचे झाले की त्यामागचा माणूस दिसेनासा झाला. वर्गातल्या मित्रमैत्रिणींशी या विषयावर बोललो तेव्हा कोणाला ग्रामगीता आठवली, कोणाला मोझरीचा आश्रम, कोणाला चौकातला पुतळा. परंतु हा माणूस मुळात गाणारा होता, हातात खंजेरी घेऊन गावोगाव फिरणारा भजनी होता, हे फारसे कोणी बोलले नाही. म्हणून त्यांचे चरित्र मी गाण्याच्या बाजूने सांगणार आहे. चमत्कार मी गाळले आहेत. ते ज्यांना हवे असतील त्यांना प्रत्येक गावात सांगणारे भेटतील. शिवाय चमत्कारांच्या मागे लागणाऱ्यांना महाराजांनी स्वतःच ग्रामगीतेत चांगले फटकारले आहे.

त्यांचा जन्म १९०९ साली यावली या गावी झाला. यावली अमरावती जिल्ह्यात, म्हणजे आपल्या वर्धा नदीच्या पलीकडच्या अंगाला. घरचे नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे, आई मंजुळाबाई. घरी अठराविश्वे दारिद्र्य. पुढे हे कुटुंब वरखेडला आले. तेथे आडकोजी महाराज नावाचे अवलिया सत्पुरुष राहत. लहानगा माणिक शाळेपेक्षा त्यांच्याकडेच जास्त रमे. तुकड्या हे नाव त्यांनीच दिले असे सांगतात. पुढे भजनाच्या शेवटच्या कडव्यात कवी म्हणून हेच नाव येऊ लागले. विचार केला तर हे नाव मोठे गमतीचे आहे. संतांच्या नावात ज्ञान असते, राम असतो, एखादा देव असतो. यांच्या नावात भाकरीचा तुकडा आहे.

१९२१ साली आडकोजी महाराजांनी देह ठेवला. माणिक तेव्हा बारा वर्षांचा. त्यानंतरची काही वर्षे हा मुलगा घरी फारसा टिकला नाही. रामटेक, सालबर्डी, रामदिघी अशा ठिकाणच्या जंगलांत तो भटकला. या काळाविषयी दंतकथा पुष्कळ आहेत, पण एक गोष्ट त्यातून नक्की निघते. सोळा वर्षांच्या वयात, १९२५ साली, त्यांनी ‘आनंदामृत’ ही रचना केली. म्हणजे आपण बारावीच्या शिकवण्या लावतो त्या वयात, शाळा सुटलेला हा मुलगा ग्रंथ रचीत होता. हे त्याला कोणी शिकवले? मला वाटते, ऐकून ऐकून शिकला. आपल्या भागात त्या वेळी देवळादेवळांत भजने होत, दळणाच्या ओव्या होत, दंडार होई. ज्याचे कान उघडे होते त्याला वाङ्मयाची शाळा गावातच होती. माझी आजी एक अक्षर वाचू शकत नाही, पण तिच्या तोंडी किती ओव्या आहेत ते मला अजून मोजता आलेले नाही.

आता खंजेरीविषयी. हे वाद्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे, म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहत नाही. वीतभर रुंदीचे लाकडी कडे, एका बाजूला ताणून बसवलेले कातडे, दुसरी बाजू मोकळी, आणि कड्यातल्या खाचांत पितळी चकत्या. एका हाताने धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायचे. कातड्याला आतून ओला हात लावला की आवाज खाली उतरतो, उन्हात किंवा आरावर शेकले की चढतो. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, तेव्हापासून बकऱ्याचे कातडे किंवा फायबर चालते. जुने भजनी म्हणतात की घोरपडीचा आवाज याला नाही. असेल. मी तो ऐकलेला नाही.

मृदंगाला मृदंग्या लागतो आणि तो तयार व्हायला वर्षे जातात. पेटीला पैसा लागतो. गोंधळ्याचे संबळ गोंधळ्याच्याच घरी असते. खंजेरीचे तसे नाही. ती झोळीत मावते, चालत जाताना वाजवता येते, आणि तिच्यावर कोणत्याही जातीचा हक्क ठरलेला नाही. तुकडोजी महाराजांनी हे वाद्य मुद्दाम निवडले की हाती आले ते वाजवले, हे मी सांगू शकत नाही. पण पुढे त्यांनी जे काम केले त्याला याहून सोयीचे वाद्य सापडले नसते. आज विदर्भात खंजेरी म्हटले की तुकडोजी महाराज आणि तुकडोजी महाराज म्हटले की खंजेरी, अशी जोडी झाली आहे. त्यांच्याच परंपरेतले सत्यपाल महाराज एका वेळी सात खंजेऱ्या मांडून वाजवतात आणि प्रबोधन करतात, ते आपल्यापैकी अनेकांनी यात्रेत ऐकलेले असेल.

१९३५ साली सालबर्डीला महाराजांनी मोठा यज्ञ केला. त्याला लोक लाखांनी जमले. वय अवघे सव्वीस. अशी गर्दी जमवणारे बुवा आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले आणि गर्दी जमली की बहुतेकांचे पुढे काय होते तेही आपल्याला माहीत आहे. महाराजांनी मात्र त्याच सुमारास मोझरीला गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली आणि यज्ञयागाची वाट हळूहळू सोडून दिली. त्यांच्या आयुष्यातले हे वळण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गर्दी आपल्या भोवती जमवायची की गर्दीलाच काही करायला लावायचे, असा हा प्रश्न होता. त्यांनी गर्दीला गायला लावले.

पुढच्याच वर्षी, जुलै १९३६ मध्ये, महात्मा गांधींच्या बोलावण्यावरून ते आपल्या जिल्ह्यात आले. गांधीजी नुकतेच वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले होते. या गावाचे सेवाग्राम हे नाव १९४० सालचे. पावसाळ्याचे दिवस, काळ्या मातीचा चिखल, रस्ता धड नाही. महाराज सुमारे महिनाभर तेथे राहिले. गांधीजींच्या आश्रमात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत असे आणि तिची परंपरा साबरमतीपासूनची होती. आश्रमाची भजनावली ज्यांनी तयार केली ते पंडित नारायण मोरेश्वर खरे आपले मराठीच. विष्णू दिगंबर पलुस्करांचे ते शिष्य. म्हणजे शास्त्रीय संगीताच्या घराण्यातल्या माणसाने साध्या माणसांसाठी भजने निवडून दिली होती, आणि इकडून जंगलात वाढलेला खंजेरीवाला येऊन बसला होता. गांधीजींचा मौनवार असतानाही महाराजांचे भजन ऐकून ते बोलले, अशी आठवण आमच्याकडे सांगतात. सेवाग्रामला आजही मोकळ्या अंगणात प्रार्थना होते. प्रथम वर्षाला असताना आमची सहल गेली होती तेव्हा आम्ही तेथे बसलो होतो. खडे टोचतात, तरी बसवते.

गांधीजींच्या आश्रमाने महाराजांना काय दिले आणि महाराज आधीच काय घेऊन आले होते, यावर वाद घालणारे घालोत. मला फरक दिसतो तो असा. आश्रमाची प्रार्थना आश्रमवासीयांची होती, तिच्यासाठी आश्रमात जावे लागे. महाराजांनी प्रार्थना गावाच्या चौकात नेली. गडी वावरातून येतो, बैल बांधतो, हातपाय धुतो आणि तिथेच बसतो. बायका चूल पेटवण्याच्या वेळेच्या थोड्या आधी येतात. यासाठी कोणाला घर सोडावे लागत नाही.

महाराज मराठीतही गात आणि हिंदीतही. त्यांच्या हिंदी भजनांचे ‘लहरकी बरखा’ म्हणून संग्रह आहेत. आजच्या वाचकाला याचे नवल वाटेल, पण १९५६ पर्यंत आपला विदर्भ मुंबईला जोडलेला नव्हता. मध्यप्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात आपण होतो, राजधानी नागपूर, आणि मराठीइतकीच हिंदी कानावर पडे. राष्ट्रभाषा प्रचार समितीही १९३६ सालीच वर्ध्यात स्थापन झाली. महाराजांची हिंदी पंडिती नव्हे. बाजारहाटाला, रेल्वेच्या डब्यात चालते तशी ती आहे, म्हणून बैतूल-छिंदवाड्याकडचा माणूसही ती ओळ उचलून धरी.

ओळ उचलून धरणे, हीच त्यांच्या भजनाची रीत. एक ओळ महाराजांनी म्हणायची, तीच ओळ समोरच्या सर्वांनी म्हणायची. चाल सोपी, आवाक्यातली, दुसऱ्या फेरीला पाठ होणारी. शब्द रोजच्या बोलण्यातले. मधेच थांबून दारूवर बोलायचे, हुंड्यावर बोलायचे, गावच्या घाणीवर बोलायचे, आणि पुन्हा खंजेरीवर बोटे पडली की तोच विषय गाण्यात. याच अमरावती जिल्ह्यातले त्यांचे थोरले समकालीन गाडगे महाराज कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत. दोघांची पद्धत वेगळी, पण समोरचा माणूस नुसता ऐकणारा राहता कामा नये हा आग्रह सारखा. आमचे आबाजी दहा-बारा वर्षांचे असताना बंडीत बसून नदीपलीकडे महाराजांचे भजन ऐकायला गेले होते. ते सांगतात की महाराज दिसण्याच्या कितीतरी आधी, अंधारातून, हजारो लोक एक ओळ म्हणताहेत ती ऐकू आली. महाराजांचा आवाज कसा होता हे विचारले तर आबाजींना नीट सांगता येत नाही. लोकांचा आवाज मात्र त्यांना पक्का आठवतो.

या गाण्याची ताकद इंग्रज सरकारला १९४२ साली कळली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, एकाच वेळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला आणि आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला लोक उठले. आष्टीत पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दोन्हीकडची माणसे मेली. आजही त्या गावाला आष्टी शहीद म्हणतात. चिमूरमध्ये त्यानंतर लष्कर आणि पोलिसांनी बायकांवर अत्याचार केले. त्याच्या चौकशीसाठी सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला. या सगळ्या भागात महाराजांची भजने होत आली होती. त्यांतल्या काही भजनांत साध्या गावकऱ्याने परक्या सत्तेपुढे उभे राहण्याची हाक होती. ऑगस्टच्या अखेरीस त्यांना चंद्रपूरला अटक झाली, आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात त्यांनी सुमारे शंभर दिवस काढले. त्यांच्या हातात खंजेरीशिवाय काही नव्हते, तरी सरकारला ती पुरेशी धोक्याची वाटली.

चिमूर-आष्टीत जी माणसे मेली त्यांच्याविषयी महाराजांना पुढे काय वाटत राहिले असेल, हा प्रश्न माझ्या मनात येतो. भजन ऐकून पेटलेला माणूस ठाण्यावर जातो आणि परत येत नाही. गाणाऱ्याने याचा हिशेब कसा ठेवायचा? चरित्रकार या जागी लवकर पुढे जातात. मला एवढेच दिसते की तुरुंगातून सुटल्यावर, १९४३ पासून, महाराजांनी सगळे बळ गुरुदेव सेवा मंडळाच्या उभारणीवर लावले. पेटवणारी सभा वर्षातून एकदा होते आणि दुसऱ्या दिवशी गाव पहिल्यासारखे असते. मंडळाची प्रार्थना रोज होते.

ही सामुदायिक प्रार्थना कशी चालते ते शहरातून आलेल्या वाचकांसाठी सांगतो. वेळ ठरलेली असते, बहुधा दिवेलागणीची. सतरंजी अंथरतात आणि सरळ रांगा करून बसतात, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. समोर मूर्ती नसते. एक आसन मांडलेले असते आणि ते रिकामे असते. सेवकांच्या डोक्यावर भगवी टोपी. थोडा वेळ शांत बसायचे, मग ठरलेली प्रार्थना सर्वांनी एका सुरात म्हणायची. कोणी बुवा नाही, दक्षिणा नाही, कोणाचा मान आधी आणि कोणाचा नंतर असा प्रकार नाही. जो आधी आला तो पुढे बसतो. पहाटे ध्यान असते. रामधून म्हणत गावातून फेरी निघते आणि फेरीबरोबर झाडूही निघतात. ज्या गावात मंडळ जागे आहे त्या गावचे रस्ते अजून ओळखू येतात.

रांगेत बसणे ही आज आपल्याला मामुली गोष्ट वाटते. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली दलितांना खुले केले तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली होती. शहरातल्या एका देवळाची ही कथा, तर खेड्यातल्या पंगतीची आणि पाणवठ्याची काय असेल? अशा काळात एका सतरंजीवर, मूर्तीविना, पुजाऱ्याविना बसायचे. मूर्ती नसली की गाभारा नसतो, आणि गाभारा नसला की बाहेर कोणाला ठेवायचे हा प्रश्नच उरत नाही. महाराजांनी यावर मोठा सिद्धांत मांडला असता तर तो पुस्तकात राहिला असता. त्यांनी बसायची पद्धत बदलली.

आजी सांगते की लग्न होऊन या गावात आली तेव्हा पाटलाच्या घरची बाई आणि निंदणाला जाणारी बाई शेजारी बसलेली तिने पहिल्यांदा प्रार्थनेत पाहिली. पण आजी हेही सांगते, की प्रार्थना संपली की सतरंजी गुंडाळली जाई आणि विहिरी वेगळ्याच राहत. आमच्या घरातला कॉलेजात आलेला मी पहिला. वडील हंगामात जिनिंगमध्ये जातात, माय दुसऱ्याच्या वावरात. मला या अर्ध्या तासाची किंमत कमी वाटत नाही, पण तो अर्धा तासच होता हेही मला दिसते. चोवीस तासांतल्या उरलेल्या साडेतेवीस तासांचे काय, हा प्रश्न महाराजांनाही पडला असावा. ग्रामगीता मला त्याचे उत्तर वाटते.

१९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. देवाधर्मापासून सुरुवात करून महाराज गावातल्या एकेका गोष्टीवर येतात. ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, दलितसेवा, यात्रा आणि सण, आणि त्यातच सामुदायिक प्रार्थना आणि भजनाचा प्रभाव. शौचखड्डे, लग्नातला खर्च, गाईचे वाण, सगळे ओवीत. काव्य म्हणून पाहिले तर पुष्कळ ओव्या सपाट आहेत, असे आमचे सर म्हणतात आणि ते बरोबर असेल. परंतु ओवी वाचायची की म्हणायची, यावर ते अवलंबून आहे. पारायणाला बसलेल्या बाया त्या ओव्या लयीत म्हणतात तेव्हा सपाटपणा कुठे जातो कोण जाणे. गद्यातला सल्ला निरक्षर माणसाच्या घरात शिरत नाही. ओवीत घातला की तो तोंडी राहतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडे अमेरिकेत, मॉन्टगोमेरी शहरात, काळ्या लोकांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. वर्षभर ते पायी चालले. त्यांच्या सभा चर्चमध्ये भरत आणि सभेत सगळे मिळून गात. इतिहासाच्या तासाला हे ऐकले तेव्हा मला आमच्या गावची सतरंजी आठवली. दोन्हीकडे गाणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण सगळे एकदम गाऊ लागले की भीती कमी होते, हे दोन्हीकडे कळलेले होते.

पुढची वर्षे मी भराभर सांगतो, कारण मानसन्मानाच्या याद्या सर्वत्र मिळतात. १९५५ साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला ते गेले आणि खंजेरीही बरोबर गेली. १९५६ साली भारत साधू समाज स्थापन झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. पवनारच्या विनोबांच्या भूदान चळवळीसाठी ते फिरले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवले. १९६२ चे चीनचे आक्रमण, १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध, १९६७ चा कोयनेचा भूकंप, प्रत्येक वेळी ते मदतीला धावले. शेवटी कर्करोगाने गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांचा अंत झाला, दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीला लाखो माणसे जमतात आणि त्या मिनिटाला सगळी एकदम गप्प होतात. आमच्याकडे त्या वेळी वावरातली माणसेही काम थांबवून उभी राहतात. तळेगावजवळच्या एका वावरात पऱ्हाटीत उभ्या असलेल्या बाया अशा थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. कापसाची ओटी पोटाशी तशीच.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती न सांगता हे चरित्र संपवणे मला बरे वाटत नाही. १९५६ साली नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांतून एक मोठा समाज प्रार्थनेच्या सतरंजीवरून उठला आणि त्याने आपले विहार बांधले. आज दिवेलागणीला आमच्या गावात दोन आवाज येतात. चौकातून प्रार्थना, आणि खालच्या अंगाने विहारातून वंदना. जयंतीच्या दिवसांत वामनदादा कर्डकांची गाणी सुरू झाली की तीसुद्धा सगळे मिळूनच म्हणतात. काही वडीलधारी माणसे याबद्दल कुरकुर करतात, की महाराजांनी सगळ्यांना एक केले होते आणि हे वेगळे झाले. मला ते पटत नाही. दुसऱ्याने अंथरलेल्या सतरंजीवर जागा मिळणे वेगळे आणि स्वतः सतरंजी अंथरणे वेगळे. विहारात गाणारा माझा मित्र आणि मी एकाच एस.टी.ने कॉलेजात येतो. त्याला आमची प्रार्थना येते, कारण प्राथमिक शाळेत आम्ही ती म्हटलेली आहे. मला त्यांची वंदना निम्मी येते. महाराज असते तर ते खंजेरी घेऊन खालच्या अंगाला गेले असते आणि तिकडची ओळ त्यांनी उचलून धरली असती, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी सोडून द्यावा.

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. प्रार्थनेची रांग आखडत चालली आहे. आमच्या गावात पूर्वी पाच सतरंज्या लागत, आता दीड पुरते, आणि तीवर बहुतेक आजीच्या वयाच्या बाया. पोरे मोबाइलवर महाराजांची भजने ऐकतात, तालासह, मोठ्या आवाजात, आणि चांगली ऐकतात. पण ऐकतातच. याउलट खंजेरी भजनांच्या स्पर्धांना मात्र जोर आला आहे. बाहेरगावचे संच जीपने येतात, एका रंगाचे कुडते, मंचावर दिवे, पहिले बक्षीस, दुसरे बक्षीस, उत्तेजनार्थ. गाणारे खरोखर तयारीचे असतात. माझ्या बोटांना खंजेरीवरची ती सफाई कधी येणार नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावी अशी स्पर्धा झाली. मंच नेमका प्रार्थनेच्या जागेवर घातला होता, म्हणून त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. रात्री अकराला परीक्षक निकालाची बेरीज करीत होते तेव्हा पुढच्या रांगेतल्या तीन-चार म्हाताऱ्यांनी खुर्च्या मागे सारल्या, त्या खाली मातीवर सरळ रांगेत बसल्या आणि त्यांनी संध्याकाळची राहिलेली प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. माइक नव्हता. शेजारच्या गावच्या संचातल्या एका पोराने खंजेरी धरली. आजी त्यांत होतीच. मीही बसलो.